जुनी फोर-बाय-फोर आणि वार्षिक पासिंग : वाचकांचे प्रश्न

जुन्या जीप, लँड रोव्हर, लँड क्रूझर यांच्या वार्षिक तपासणीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. नियम देशागणिक थोडेफार वेगळे असतात, पण या गाड्या सगळीकडे त्याच जागी गंजतात आणि त्याच सांध्यांत ढिल्या होतात. म्हणून उत्तरांचा भर गाडीवर आहे. एखाद्या देशाच्या नियमाचा दाखला आला, तर तिथे देशाचे नाव दिले आहे.

प्रश्न : लँड रोव्हर सिरीज ३ घ्यायचा विचार आहे. जाणकार सांगतात की अशी गाडी पहिल्या फेरीत कधीच पास होत नाही. हे कितपत खरे?

वर्षभर वापरात असलेली आणि दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी खाली वाकून बघतो अशी गाडी पहिल्याच फेरीत पास होते. कापड टाकून ठेवलेली आणि तपासणीच्या आदल्या दिवशी धुऊन काढलेली गाडी बहुधा अडकते. इंजिन मात्र क्वचितच नडते. अडवणारी ठिकाणे ठरलेली आहेत : ब्रेक, स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे, चॅसीचा गंज आणि दिवे.

यामागे गाडीची घडण आहे. १९४८ पासून १९८५ पर्यंतच्या सिरीज लँड रोव्हरची बॉडी बहुतांशी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, पण चॅसी आणि बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत, पोलादी. बाहेरून गाडी चकचकीत दिसते आणि खाली चॅसीची पेटी आतून खाल्लेली असते. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकते, तिथे ओलावा मिळाला की दोन धातूंमधली गंजाची क्रिया सुरू होते आणि पत्र्यावर पांढरी पूड दिसू लागते. स्टिअरिंगचेही तसेच. स्टिअरिंग बॉक्सपासून चॅसीतल्या रिलेपर्यंत, म्हणजे हालचाल पुढे पोचवणाऱ्या मधल्या सांध्यापर्यंत, एक दांडी, रिलेपासून चाकापर्यंत दुसरी आणि दोन चाकांना जोडणारा टाय रॉड तिसरा. प्रत्येकाला दोन बॉल जॉइंट, म्हणजे एकूण सहा. त्यांतला एक जरी ढिला निघाला तरी शेरा पडतो.

गाडी बघायला जाताना मागच्या चार-पाच वर्षांचे तपासणीचे अहवाल मागा. ब्रिटनमध्ये नोंदणी क्रमांकावरून हा इतिहास ऑनलाइन फुकट बघता येतो. 'नापास' हा शब्द शोधत बसू नका, सूचनांचा स्तंभ वाचा. 'मागच्या आउटरिगरवर (चॅसीतून बाजूला निघालेल्या आधारावर) गंज' ही सूचना सलग तीन वर्षे दिसत असेल, तर मालकाने तीन वर्षे काही केलेले नाही आणि चौथ्या वर्षी ते काम तुमच्या गळ्यात पडणार आहे. याउलट टाय रॉड एंडसाठी नापास होऊन आठवड्यात पास झालेली गाडी चांगल्या हातात आहे असे समजा.

ब्रिटनमध्येच ४० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात फार बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून ही चाचणी सक्तीची नाही. अशी सूट मिळालेली गाडी घेताना तर जास्तच खाली वाकून बघावे लागते, कारण तिच्याखाली कित्येक वर्षांत कोणी डोकावलेले नसण्याची शक्यता असते.

प्रश्न : चॅसीचा गंज तपासणीला नेण्याआधी घरच्या घरी कसा ओळखायचा? वरून तर काळा रंग एकसारखा आहे.

एकसारखा काळा रंग दिसला की संशय घ्यावा. २००-२५० ग्रॅमची छोटी हातोडी, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि आरसा एवढे पुरते. गाडी सपाट जागी घ्या, चाकांना ओटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून पाचर, लावा आणि चॅसी पुढून मागे, दर चार-पाच सेंटिमीटरवर हलकेच ठोकत चला. धडधाकट पोलाद टण्ण वाजते आणि हातोडी हातात उसळते. आतून खाल्लेले पोलाद भद्द वाजते, हातोडी बसून राहते आणि पेटीच्या आत गंजाच्या खपल्या खाली पडल्याची सळसळ ऐकू येते. एकदा तो आवाज कानात बसला की पुन्हा चुकत नाही.

पेटीचा वरचा भाग सहसा विसरला जातो. तिथे चिखल बसतो, ओला राहतो आणि बॉडीमुळे दिसतही नाही. हात आत घालून बोटाने चाचपा, आरसा लावून बघा. चॅसीच्या तळाला पाणी निघायची भोके असतात. ती चिखलाने बुजली की आतले पाणी जागेवर राहते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगावर फुगा दिसेपर्यंत पत्रा निम्मा झालेला असतो.

सिरीज लँड रोव्हरमध्ये पुढची टोके, म्हणजे डंब आयर्न, बल्कहेडचे आउटरिगर, इंधन टाकीचे आउटरिगर, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि सगळ्यात मागचा आडवा क्रॉसमेंबर ही ठिकाणे आधी बघा. बल्कहेडमध्ये पाय ठेवायच्या जागा आणि दरवाजाच्या बिजागरीखालचे खांब. लँड क्रूझर ४० मध्ये चॅसीचा मागचा भाग आणि पाट्यांचे हँगर. विलीज एमबी या मूळच्या लष्करी जीपच्या फ्लोअरखाली टोपीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या असतात आणि त्यांत मुळात लाकूड भरलेले असते. ते लाकूड पाणी धरून ठेवते, त्यामुळे फ्लोअर खालून कुजतो.

गंज कुठे आहे यावरही बरेच अवलंबून असते. ब्रिटिश चाचणीत सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे बसतो त्या बिंदूपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्र्याची ताकद गेलेली असेल तर गाडी नापास होते. तेवढेच भोक मडगार्डमध्ये असेल आणि धारदार कड नसेल तर बहुधा चालून जाते. हा विचार कुठेही लागू पडतो. खडूने प्रत्येक माउंटिंगभोवती वीतभराहून थोड्या मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि आधी तेवढा भाग तपासा.

तपासणीच्या आधी अंडरकोटिंग मारू नका. ताज्या डांबरी थराखाली काय आहे हे तपासनिसाला दिसत नाही, त्यामुळे तो जास्त ठोकून बघतो, आणि त्याचे बरोबरच आहे.

प्रश्न : गॅरेजवाल्याने आउटरिगरच्या भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करून वर पुटी मारली. 'पास होईल' म्हणतो. होईल का?

व्हायला नको, आणि झाली तरी ती गाडी चालवू नका. भार पेलणाऱ्या भागावर रिव्हेट, पुटी, फायबर किंवा ठिपक्या-ठिपक्यांचे वेल्डिंग चालत नाही. पट्टी चहूबाजूंनी सलग वेल्ड केलेली हवी आणि ती चांगल्या पोलादालाच चिकटलेली हवी. गंजलेल्या पत्र्यावर वेल्ड केले तर वेल्डच्या कडेलाच पत्रा फाटतो.

काम असे करून घ्या. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. इंधन टाकी जवळ असेल तर ती उतरवा. शॉर्ट व्हीलबेस सिरीजमध्ये ती पुढच्या सीटखाली असते, म्हणजे आउटरिगरच्या अगदी शेजारी. गंजलेला भाग लकाकणारे पोलाद दिसेपर्यंत कापून काढा. जुना भाग ठेवून वर नुसती पट्टी चढवली तर दोन थरांच्या मध्ये पाणी साचते. पत्रा मूळच्या जाडीचा, साधारण २ मिलिमीटरचा घ्या. फार जाड घेतला तर ताण पट्टीच्या कडेवर एकवटतो. चॅसीच्या उभ्या बाजूवर पट्टी बसवताना तिची टोके चौकोनी ठेवू नका, माशाच्या तोंडासारखी निमुळती कापा. वरून खाली सरळ गेलेल्या वेल्डच्या रेषेवर चॅसी वाकते आणि तिथूनच तडा जातो. वेल्डिंग झाल्यावर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पेटीच्या आत मेण फवारून घ्या. बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी. चॅसी गॅल्व्हनाइज केलेली असेल तर वेल्डच्या जागेचा जस्ताचा थर आधी घासून काढावा लागतो, कारण जळत्या जस्ताचा धूर विषारी असतो.

आणखी एक जपा. चॅसी नंबर पुढच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर लावू नका. पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशने साफ करा आणि वर पारदर्शक लाखेचा हात द्या. नंबर वाचता आला नाही तर बाकी सगळे ठीक असूनही गाडी अडकते.

प्रश्न : चाक हलवल्यावर 'टक्' असा आवाज येतो. तपासनिसाने 'पुढच्या चाकात प्ले', म्हणजे ढिलेपणा, एवढेच लिहून दिले. नेमके काय बदलायचे?

भाग विकत घेण्याआधी दोन माणसांनी पाच मिनिटे द्या. पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. टक् आवाज आला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. आवाज बंद झाला तर ढिलेपणा व्हील बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने ड्रम आणि बॅकप्लेट एकत्र धरले. आवाज तसाच राहिला तर किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या गोलाकार स्विव्हलचे बेअरिंग किंवा बुश झिजले आहे.

आता चाक ९ आणि ३ वर धरून हलवा. इथे ढिलेपणा मिळाला तर तो स्टिअरिंगच्या दांड्यांकडून येतो. तो शोधायला गाडी जमिनीवर, वजन चाकांवर हवे. मदतनिसाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे-थोडे झुलवत राहावे. तुम्ही खाली एकेका बॉल जॉइंटवर बोटे अशी ठेवा की एक बोट दांडीवर आणि दुसरे आर्मवर येईल. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटाला लगेच कळतो. जॉइंट ठीक निघाले तर रिले बघा. विलीजमध्ये रिलेच्या जागी एक्सलवरचा बेलक्रँक असतो आणि तिथली झीज नेहमीची आहे. लँड क्रूझर ४० मध्ये सेंटर आर्म.

व्हील बेअरिंग असेल तर बहुतेक वेळा नवे लागत नाही, ॲडजस्ट करावे लागते. नट घट्ट करत चाक फिरवा म्हणजे रोलर जागी बसतील, मग नट सैल करून मॅन्युअलमधला एंड फ्लोट (बेअरिंगमधली ठरावीक मोकळीक) डायल गेजने लावा. किंग पिनला शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) द्यायचा असतो आणि तो स्प्रिंग बॅलन्सने मोजायचा असतो. अंदाजाने शिम काढले तर स्टिअरिंग जड होते, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि बेअरिंगही लवकर जाते.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह अनेकांना होतो. तो आवळायचाच झाला तर चाके अगदी सरळ असताना. बॉक्स मध्यभागी मुद्दाम घट्ट बनवलेला असतो. वळवलेल्या स्थितीत आवळला तर मध्यावर येताच तो अडकतो, आणि अडकणारे स्टिअरिंग ढिल्या स्टिअरिंगपेक्षा जास्त घातक. सिरीजचा रिले मात्र घरी उघडू नका. आत दाबून बसवलेली जबरदस्त स्प्रिंग असते, ती सुटली तर हाड मोडू शकते.

प्रश्न : ब्रेक लागतात, पण रोलरवर (चाके फिरवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) डावे-उजवे सारखे येत नाहीत म्हणून गाडी परत पाठवली. शू नवे आहेत.

आधी हिशेब समजून घ्या. एका एक्सलवर डाव्या चाकाला ३०० किलो आणि उजव्याला २०० किलो ब्रेकबल आले, तर फरक १००. त्याला मोठ्या आकड्याने भागायचे, म्हणजे ३३ टक्के. बऱ्याच ठिकाणी मर्यादा ३० टक्क्यांची आहे. म्हणजे दोन्ही ब्रेक जोरात लागत असूनही गाडी नापास होऊ शकते.

नवे शू असूनही कमी लागणाऱ्या बाजूचा ड्रम काढा आणि लायनिंग हुंगा. गिअर ऑइलचा उग्र वास आला तर हब सीलमधून तेल येते आहे. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर गळतो आहे, रबरी टोपीची कड उचलली की आत ओल दिसते.

गिअर ऑइल येत असेल तर सील बदलण्याआधी एक्सलचा ब्रीदर बघा. एक्सलच्या नळीवर, वरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. चिखलाने तो बुजतो. मग गाडी चालून एक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. ब्रीदर तसाच ठेवून सील बदलले तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळते आणि दोष सीलच्या माथी जातो. ब्रीदर काढून केरोसिनमध्ये धुवा, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. डिफरन्शियलमध्ये तेल लेव्हल प्लगच्या वर भरले असेल तरी हाच परिणाम होतो.

तेलाने भिजलेले लायनिंग पेट्रोलने धुवून किंवा जाळून परत वापरू नका. गरम झाले की आतले तेल पुन्हा वर येते. शू एका एक्सलवर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. पाण्याने भिजवून फडक्याने पुसा.

लायनिंग कोरडे असेल तर ॲडजस्टमेंट बघा. सिरीजमध्ये गोगलगायीच्या शंखासारखा कॅम असतो. शू ड्रमला टेकून चाक अडेपर्यंत फिरवा, पेडल दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर येतील, पुन्हा फिरवून बघा आणि मग चाक मोकळे फिरेल एवढेच सैल करा. मधली पायरी गाळल्यामुळे फरक येतो. कॅम गंजून अडकले असतील तर एक-दोन दिवस आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहा, जोर लावला तर मान मोडते.

तरीही फरक राहिला तर फ्लेक्सिबल होज, म्हणजे चाकाकडे जाणारी ब्रेकची लवचिक नळी, बघा. बाहेरून धड दिसणारा होज आतून सुजतो. दाबल्यावर ऑइल जाते, पण सोडल्यावर हळूहळू परतते आणि ते चाक घासत राहते. ब्रेक सोडल्यावर त्या चाकाचा ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) उघडा. ऑइल चिळकांडीने बाहेर आले आणि चाक मोकळे झाले तर दोष होजमध्ये आहे.

प्रश्न : हँडब्रेक ओढला तरी गाडी दोन बोटे पुढे सरकते आणि मग थांबते. हा दोष धरतात का?

सिरीज लँड रोव्हर, विलीज, लँड क्रूझर ४० अशा अनेक गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या टोकाला, एक्सलकडे जाणाऱ्या प्रॉप शाफ्टवर असतो. तिथून चाकापर्यंत यू-जॉइंट, स्प्लाइन आणि डिफरन्शियलचे दात यांतली मोकळीक एकत्र होऊन गाडी थोडी सरकते. हे बांधणीतच आहे. दोन बोटांची जागी वीतभर झाली तर मात्र यू-जॉइंट तपासा.

या हँडब्रेकचा शत्रू एकच, ट्रान्स्फर केसच्या मागच्या सीलमधून गळणारे तेल. ड्रम काढल्यावर शू काळे आणि चिकट दिसले तर आधी सील, मग शू. ॲडजस्टर ड्रम अडेपर्यंत आवळून एक-दोन क्लिक मागे घ्या. लिव्हरची दांडी किंवा केबल ओढून घट्ट केलेली असेल तर तीही मोकळी करा. शू झिजल्याची भरपाई केबलने करू नये.

चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नका, हाफ शाफ्ट किंवा यू-जॉइंट तुटू शकतो. आणि एक चाक जॅकवर असताना त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. उचललेले चाक डिफरन्शियलमुळे उलटे फिरते आणि हँडब्रेक लागलेला असूनही गाडी सरकते. ओटी लावल्याशिवाय जॅक नाही.

रोलरवर गाडी चढवण्याआधी तपासनिसाला ड्राइव्हचा प्रकार सांगा. सिरीज, विलीज यांसारखी पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती फोर-व्हील होणारी, गाडी टू-व्हीलमध्ये हवी आणि पुढची चाके सोडवणारे फ्री-व्हीलिंग हब मोकळे. १९७० नंतरची रेंज रोव्हर, १९८३ पासूनची लँड रोव्हर वन-टेन, १९७७ नंतरची लाडा निवा या कायम फोर-व्हील चालणाऱ्या गाड्यांचा सेंटर डिफरन्शियल (दोन एक्सलच्या मधला) अनलॉक हवा. तो लॉक असेल, किंवा त्याच्या जागी आपोआप जोडणारे व्हिस्कस कपलिंग असेल, तर एका एक्सलच्या रोलरने दुसरा एक्सलही फिरायला लागतो आणि गाडी रोलरवरून उसळून बाहेर येऊ शकते. अशा गाड्यांची चाचणी डिसेलेरोमीटर (वेग किती झपाट्याने कमी होतो हे मोजणारे यंत्र) लावून रस्त्यावर घेतात. वेळ ठरवतानाच हे विचारून ठेवा.

प्रश्न : जुनी गाडी म्हटली की तेलाचा थेंब पडणारच. त्यासाठी नापास करतात का?

ओलसरपणाला सहसा कोणी अडवत नाही, टपकण्याला अडवतात. ब्रिटनमध्ये इंजिन आयडलवर असताना पाच मिनिटांत ७५ मिलिमीटरहून मोठे थारोळे झाले तर नापास, हे माप घरी पुठ्ठा अंथरून बघता येते. गळती कुठली आहे हे मात्र नक्की करा. स्विव्हलच्या चकचकीत गोळ्यावर खड्डे पडले असतील तर सील कितीदाही बदला, खड्डे ते पुन्हा कापणार. खड्डे बारीक असतील तर आतल्या तेलाच्या जागी स्विव्हलसाठीचे पातळ ग्रीस भरून गळती आटोक्यात येते. मोठे असतील तर गोळाच नवा.

प्रश्न : डिझेल इंजिन धुराच्या चाचणीत दरवर्षी काठावर पास होते. पंप उघडायचा का?

पंपाला शेवटी हात लावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, तेव्हा आधी हवा बघा. जुन्या गाड्यांत ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो. त्यातले तेल घट्ट गाळ झाले की हवा कोंडते. वाटी धुवा, जाळी केरोसिनने धुऊन सुकवा, तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते तेल ओढून घेते. त्याने धूर तर होतोच, शिवाय डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम पळत सुटू शकते. त्यानंतर इंजेक्टर नोझल उतरवून दाब आणि फवारा तपासून घ्या. एक नोझल जरी फवाऱ्याऐवजी थेंब टाकत असेल तरी सगळा धूर त्याचाच. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, त्याला नोझलचा उपाय नाही.

चाचणीत इंजिन कमाल वेगापर्यंत अनेकदा झटक्यात रेस करतात. लँड रोव्हरच्या सिरीजमधल्या २.२५ लिटर इंजिनाला टायमिंग चेन आहे, पण नंतरच्या २.५ डिझेल, २०० टीडीआय, ३०० टीडीआय यांना बेल्ट आहे. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर आधी बेल्ट बदला, मग धूर तपासायला न्या. रेस करताना बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. चाचणीला गाडी वीसेक मिनिटे खालच्या गिअरमध्ये चालवून, पूर्ण गरम करून न्या. थंड इंजिन जास्त धूर देते आणि सायलेन्सरमधली साठलेली काजळी नेमकी तिथेच बाहेर येते.

पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड जास्त आले तर चोक पूर्ण उघडतो का आणि फ्लोटची पातळी किती आहे ते बघा. सिरीजवरच्या झेनिथ ३६ आयव्ही कार्ब्युरेटरचा वरचा भाग वाकतो आणि आतली ओ-रिंग गळते. मग आयडलला मिश्रण दाटच राहते, स्क्रू फिरवून काही होत नाही. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी आले तर मिसफायर समजा आणि प्लग, पॉइंट तपासा. ल्यूकस डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो. वायरिंग नवे टाकू का?

नको. हा अर्थिंगचा दोष आहे. मागच्या दिव्याला परतीची वाट मिळत नाही, म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दिवा पेटवून मल्टिमीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थ-टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसले तर अर्थ खराब. ॲल्युमिनियमच्या बॉडीतून अर्थ घेतलेला असेल तर स्क्रूभोवती तीच पांढरी पूड सापडेल. तिथून चॅसीपर्यंत वेगळी तार ओढा, लकाकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि वर ग्रीस लावा. १९६७ च्या आधीच्या सिरीजमध्ये मूळ जोडणी पॉझिटिव्ह अर्थ असू शकते. अशा गाडीत मोजताना दुसरे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि एलईडी किंवा नवा रेडिओ न बघता जोडू नका. एलईडी बल्ब लावल्यावर इंडिकेटर नीट चमकत नाही, कारण जुना फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतो आणि एलईडी फार कमी करंट घेतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा चमकणे योग्य.

हेडलाइटची दिशा घरी बघता येते. टायरची हवा बरोबर असू द्या, गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. डिपचा वरचा कट दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवा. पाटे उंच केलेल्या गाडीत हे हमखास बिघडलेले असते.

प्रश्न : पाटे उंच आणि टायर रुंद केले आहेत. तपासणीला मूळचे लावावे का?

तपासणीपुरते बदलून उपयोग नाही, बाकी वर्षभर तुम्ही त्याच गाडीत बसणार आहात. आहे ते नीट करा. एक्सल खाली लटकवून ब्रेक होज ताणला जातो का बघा, जात असेल तर लांब होज लावा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून टायर पाट्याला, ब्रेक पाइपला घासतो का बघा. टायर मडगार्डच्या बाहेर येत असेल तर रुंद आर्च लावा. चारही टायर एकाच मापाचे हवेत. एका एक्सलवर रेडियल आणि क्रॉस-प्लाय एकत्र नको, आणि पुढे रेडियल मागे क्रॉस-प्लाय हेही नको, कारण वळणावर मागचा भाग निसटतो. टायरचे वय बाजूवरच्या चार आकड्यांत असते : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुन्या जीपचे टायर झिजून क्वचितच जातात, बाजूला भेगा पडून जातात.

पाट्यांचे बुश बदलले असतील तर शॅकल आणि हँगरचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पाट्यांच्या थरांत गंज फुगून पाती एकमेकांपासून सुटलेली दिसतात का, पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्याजवळ तडा आहे का, हेही त्याच वेळी बघा.

प्रश्न : वर्षभरात जेमतेम ५०० किलोमीटर चालते. झिजायला काही कारणच नाही, तरी दरवेळी काहीतरी निघतेच.

कमी चालते म्हणूनच निघते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजतात. सील कोरडे पडतात, बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटते, ड्रमवर गंज चढतो आणि पहिल्या ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. महिन्यातून एकदा तासभर चालवा, एक्सल आणि गिअरबॉक्स गरम होतील एवढे. नुसते इंजिन सुरू करून दहा मिनिटे उभे ठेवण्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठण्यापलीकडे काही होत नाही. गाडी लांब काळ ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून ओटी लावा, नाहीतर शू ड्रमला चिकटतात.

तारखेच्या सहा आठवडे आधी हातोडी आणि टॉर्च घेऊन खाली जा, म्हणजे वेल्डिंगला वेळ मिळेल. तीन आठवडे आधी ब्रेक, बेअरिंग, जॉइंट. आदल्या आठवड्यात दिवे, हॉर्न, वायपर, टायरची हवा. चॅसी धुवायची तर चार-पाच दिवस आधी धुवा. चिखलाखाली काही निघाले तर दुरुस्तीला हातात दिवस राहतात, आणि ब्रेक ओले असताना रोलरवर चढायची वेळ येत नाही.